काचेचे फुगे आणि शेषरावमामांची विहीर

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला कोण जातं? ज्याला पर्याय नसतो तो. किंवा ज्याच्या साहेबांना पर्याय असतो, तो. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो.

पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी सोळा वर्षं तंत्रज्ञ आहे. काम सोपं आहे. इपॉक्सीच्या पट्ट्या बनवायच्या, यंत्रात धरायच्या, ओढून किंवा दाबून मोडायच्या आणि कितीला मोडल्या तो आकडा लिहायचा. आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे साहेबांना, हे आकडे फार आवडतात. त्यातून त्यांचे शोधनिबंध होतात. मोडलेल्या पट्ट्या माझ्या कपाटात आणि निबंध त्यांच्या कपाटात, अशी आमची वाटणी आहे.

गेल्या काही वर्षांत आम्ही इपॉक्सीत काचेचे फुगे कालवून पाहत होतो. निबंधात याला मोठं भारदस्त नाव आहे, पण वस्तू साधी आहे. काचेचे पोकळ गोळे, इतके बारीक की चिमटीत मैद्यासारखे लागतात. डब्याजवळ कुणी शिंकलं तर महिन्याचा साठा छताला जातो. हे इपॉक्सीत मिसळून आळू दिले की जो ठोकळा होतो तो पाण्यावर तरंगतो, पाणी पीत नाही आणि दाबाखाली चेपत नाही. थर्मोकोल चेपतो, लाकूड पाणी पितं, हा दोन्ही करत नाही. फुगे जितके जास्त तितका ठोकळा हलका, आणि ओढला तर तितका लवकर तुटणारा. हलकेपणा आणि ताकद दोन्ही एकदम मागायची नाहीत, हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली आणि साहेबांना त्यात दोन निबंध मिळाले.

अट एकच असते. फुगे ढवळताना फुटता कामा नयेत. मी आमचे नमुने लाकडी पट्टीने, हाताने, हळूहळू कालवायचो. निबंधात साहेबांनी लिहिलं: यांत्रिक ढवळणीने, अमुक वेगाने, दहा मिनिटे. मी म्हटलं, "साहेब, आपण तर हाताने केलं." ते म्हणाले, "हाताने केलं असं आंतरराष्ट्रीय मासिकात लिहीत नसतात."

मी गप्प बसलो. गप्प बसण्याचा माझा अनुभवही सोळा वर्षांचाच आहे.

मग एके दिवशी नागपूरहून पत्र आलं. तिथल्या एका छोट्या कारखान्याने साहेबांचा निबंध वाचून, त्यातल्या कृतीने ठोकळा बनवला होता आणि तो बुडत होता. आपला निबंध वाचून कुणी खरंच काही बनवेल, ही शक्यता साहेबांनी धरलेली नव्हती. ते दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांना एक महत्त्वाची बैठक आठवली आणि मला नागपूरचं तिकीट मिळालं.

हिंगणा रोड

स्टेशनवर सामान तपासणाऱ्या पोलिसाने माझा फुग्यांचा दहा लिटरचा डबा एका बोटाने उचलला आणि विचारलं, "यात काय हाय?"

"काच," मी म्हटलं.

त्याने डबा कानाशी धरून हलवला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि उन्हाचा परिणाम समजून मला सोडून दिलं.

बाहेर एक बाई हातात पुठ्ठा घेऊन उभ्या होत्या. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसावेत. पुण्यात असे चेहरे दुचाकीवर दिसतात आणि कोण कोण ते कळत नाही. नागपुरात उन्हाळ्यात सगळंच गाव असं बांधलेलं असतं आणि तरी सगळे एकमेकांना लांबून ओळखतात. पुठ्ठ्यावर माझ्या साहेबांचं नाव होतं, आधी डॉक्टर लावून.

"या जी सर," बाई म्हणाल्या. "मी वंदना राऊत. ठोकळा आमचाच हाय."

इथे मी सांगायला हवं होतं की मी तो नव्हे. पण त्यांनी माझी बॅग उचलली होती, आणि सोळा वर्षांत माझी बॅग कुणी उचललेली नव्हती. मी म्हटलं, "चला."

पोह्यांच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "सांबार टाकाले सांगू का?" पोह्यांवर सांबार ही कल्पना मला भयंकर वाटली, पण डॉक्टर माणसाने स्थानिक चालीरीतींचा मान राखावा म्हणून हो म्हटलं. आली कोथिंबीर. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्यावर लाल तर्री आली तेव्हा मात्र भाषेचा प्रश्न उरला नाही. डोळ्यांतून पाणी सगळ्या बोलींत सारखंच येतं.

हिंगणा रोडवरचा वंदनाताईंचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. कूलरच्या टाक्या आणि पाण्याच्या टाक्या बनवायचं त्यांचं फायबरचं काम. सोबत गुणवंत नावाचा तिशीतला मिस्त्री, कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेला. मोटरसायकलपासून मोबाइलपर्यंत काहीही उघडून पुन्हा बंद करू शकणारा. या दोघांनी मिळून विहिरीत सोडायचा कॅमेरा बनवला होता. विहिरीत मोटर पडली की कॅमेरा खाली सोडायचा, ती कुठे अडकली ते वर पडद्यावर बघायचं आणि गळ टाकून ओढायची. कॅमेरा पाण्यात सरळ, अधांतरी राहावा म्हणून त्याच्या डोक्यावर हलका ठोकळा लागतो. त्यांनी आधी थर्मोकोल लावून पाहिला, मग लाकूड, मग आमचा निबंध.

"बकेटीत टाकला तं मस्त तरंगते," वंदनाताई म्हणाल्या. "पण इहिरीत खाली सोडला न, का वीस मिनिटात जड होते अन् कॅमेरा तोंडावर पडते."

"पेपरात लिहिलं तसंच केलं सर," गुणवंत म्हणाला. "मिक्सरचा स्पीडबी तोच. घड्याळ लावून दहा मिनिटं फिरवला."

मी करवतीने ठोकळा कापला आणि खिशातलं भिंग लावलं. अख्ख्या गोळ्यांच्या मध्ये फुटक्या कवचांचा चुरा, आणि ढवळताना आत शिरलेल्या हवेची भोकं, एकमेकांना जोडलेली. खोल पाण्याच्या दाबाने त्यातून पाणी झिरपत जाणारच. त्या दोघांनी काडीचीही चूक केली नव्हती. सगळी चूक छापील होती.

दोघं माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी भिंग खिशात ठेवलं आणि आमच्या कॉलेजात अशा वेळी म्हणतात ते म्हटलं, "बघायला लागेल."

बादली

दुसऱ्या दिवशी मी रुबाबात सांगितलं की आज पद्धत बदलून पाहू, मिक्सर नको, हाताने कालवू. का, ते सांगितलं नाही. वंदनाताईंनी विचारलंही नाही. त्यांनी फक्त एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि लाकडी पट्टी आणून दिली.

मी कालवलं छान. सोळा वर्षांत तेवढं एक मला येतं. पण पुण्यात आम्ही वाटीभर माल करतो, बंद खोलीत, एसी लावून. इथे पूर्ण बादली होती आणि भर दुपार होती. पुण्यात जे इपॉक्सी पाऊण तास वाट पाहतं, ते नागपुरात चहा येईपर्यंत थांबत नाही. आळताना ते गरम होतं, आणि काचेचे फुगे ती उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, रजईसारखे आत दाबून धरतात. बादलीतून आधी वास आला. मग धूर आला. मग बादलीचा तळ वितळून निवांतपणे खाली बसला. गुणवंतने ते सगळं फावड्याने बाहेर नेऊन मातीत टाकलं, तिथे ते बराच वेळ तडतडत राहिलं.

"सर, हेबी पेपरात हाय का?" त्याने विचारलं. खोचकपणे नाही, खरंच विचारलं. ते जास्त लागलं.

त्याच वेळी शेडच्या दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. काटक, काळेसावळे, कानात कापूस. वंदनाताईंचे सख्खे मामा, शेषराव. नरखेड तालुक्यातल्या एका गावचे. कानाच्या डॉक्टरला दाखवायला शहरात आले होते. मातीत तडतडणारा गोळा पाहून ते खुर्चीत बसले आणि मोठ्याने म्हणाले, कारण त्यांना कमी ऐकू येतं, "हे आता काय जाळून राहिले गा?"

"ठोकळा करून राहिलो मामा," गुणवंत ओरडून म्हणाला. "कॅमेऱ्यासाठी."

मामा हसले. "त्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगतली का यायले?"

कुणी सांगितली नव्हती. मामांनीच सांगितली. चाळीस वर्षं ते आसपासच्या गावांत विहिरीत उतरतात. मोटर पडली, पाइप तुटला, कुणाची कळशी राहिली, की शेषरावांना बोलावणं. कमरेला दोर बांधायचा, श्वास भरायचा आणि खाली. त्यात कानांचे पडदे कामातून गेले. डॉक्टरांनी आता उतरू नका असं सांगितलं आहे. भाचीने कॅमेरा बनवला तो त्यासाठीच, की मामांनी वर बसावं.

"मंग फागुनात यायनं तो कॅमेरा सोडला," मामा म्हणाले. "वीस मिनिटं मजेत चालला. अन् मंग डुबला. वायर पाइपाले गुंडाळली. वर येईच ना. आता कोन काढते? मी काढला."

ते पुन्हा हसले. वंदनाताई हसल्या नाहीत.

"वर आला तं कानातून रक्त येऊन राहिलं होतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मामांनी उतरू नये म्हणून बनवलेलं यंत्र वर काढायला मामांना उतरावं लागलं होतं. आणि यंत्र बुडालं होतं ते एका ओळीमुळे, जी लिहिताना मी खोलीत हजर होतो.

संध्याकाळी मी शेडच्या मागे जाऊन साहेबांना फोन लावला.

"काय म्हणतायत नागपूरकर?"

"ठोकळा कापून पाहिला साहेब. फुगे फुटलेत. मिक्सरने."

"मग त्यांचा मिक्सर खराब असेल."

"मिक्सर आपण लिहिलाय तोच आहे. वेगही तोच."

"हे बघा माने, तुम्ही मदतीला गेला आहात, निष्कर्ष काढायला नाही. अशा गोष्टींना बरेच घटक असतात. हवेतली आर्द्रता वगैरे. तसं सांगा."

"आर्द्रता? इथे ओला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो."

"मग तापमान सांगा," साहेब म्हणाले. त्यांची बैठक सुरू होत होती.

त्या रात्री वंदनाताईंकडे गोळाभात होता. भातात बेसनाचे गोळे, वर कढत फोडणीचं तेल. आमच्याकडे एवढं तेल पाहिलं की लोक डॉक्टरांचं नाव घेतात. मी तीनदा वाढून घेतला. अपराधी माणसाला भूक लागत नाही असं म्हणणाऱ्याने गोळाभात खाल्लेला नसावा.

साचा फिरवताना

तिसऱ्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत सुरू केलं. माठातल्या गार पाण्याच्या घमेल्यात छोटी पातेली ठेवून, थोडं थोडं कालवून, एकेक पातळ थर साच्यात ओतायचा. थर गरम होऊन निवला की पुढचा. बादली पेटायचं कारण उरलं नाही.

आता दुसरी अडचण. उष्णतेने इपॉक्सी पातळ होतं, आणि फुगे हलके असल्याने आळण्याआधीच वर येऊन गोळा होतात, दुधावर साय धरते तसे. वरची बाजू हलकी, खालची जड, असा ठोकळा कॅमेऱ्याला तिरपा करणार. म्हणून प्रत्येक थरावर झाकण दाबून साचा बंद करायचा आणि तो थर घट्ट होईपर्यंत दर दोन मिनिटांनी साचा उलटा करायचा. यंत्र नाही. तीन माणसं आणि एक घड्याळ.

मी, वंदनाताई आणि गुणवंत पाळीपाळीने फिरवत होतो. कूलर घरघरत होता. गुणवंत म्हणाला, "सर, आमच्या कोराडीच्या राखेतबी असे पोकळ गोळे असतात. राखेच्या तळ्यावर तरंगते ते. पांढरी साय दिसते. आमी लहानपणी त्यात हात घालून पाहू."

बरोबरच होतं. कोळसा जळताना तसे गोळे आपोआप तयार होतात. आमच्या साहेबांनी परदेशी डबा मागवायला दोन समित्या आणि अकरा सह्या घेतल्या होत्या. ही पोरं हात घालून पाहत होती.

गुणवंत चहा आणायला गेला. साचा माझ्या हातात होता. मी म्हटलं, "वंदनाताई, एक सांगायचंय. मी तो नाही."

"कोन तो?"

"ज्यांचं नाव तुमच्या पुठ्ठ्यावर होतं तो. मी डॉक्टर नाही. तो निबंध माझ्या साहेबांनी लिहिला. मी प्रयोगशाळेत कालवाकालव करतो. माने माझं नाव."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. पोहे खाताना. तुमच्या नखात इपॉक्सी भरून हाय, माझ्यासारखं. लिहिणाऱ्याच्या नखात नसते ते." मग त्या म्हणाल्या, "बरंच झालं. आमाले कालवणाराच पाहिजे होता. फिरवा, टाइम झाला."

मी साचा फिरवला. इथे थांबलो असतो तर प्रसंग माझ्या दृष्टीने फारच चांगला संपला असता. पण राहिलेलं जास्त जड होतं.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "निबंधात मिक्सर लिहिलाय ते चूक आहे. आम्ही मिक्सर वापरलाच नाही. मी हाताने केलं होतं. मिक्सरने फुगे फुटतात, म्हणून तुमचा ठोकळा पाणी प्यायला. लिहिताना मला माहीत होतं."

त्यांची नजर घड्याळावरून माझ्यावर आली.

"मंग काहून नाई सांगतलं?"

"साहेबांना सांगितलं होतं एकदा."

"एकदा," त्या म्हणाल्या.

मी साच्याचं झाकण उगाच दाबून पाहिलं.

"म्हंजे मामाच्या कानातून रक्त आलं ते त्या एका ओळीपायी."

"हो."

त्या उठल्या. मला वाटलं आता जा म्हणतील, आणि ते योग्यच झालं असतं. त्यांनी माझ्या हातातून साचा घेतला, उलटा केला, खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं. नंतर गुणवंत चहा घेऊन आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "यायचं नाव माने हाय. सर नोको म्हनू, भाऊ म्हन." त्यानंतर माल घट्ट होईपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त दर दोन मिनिटांनी, "फिरवा."

या ओळीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. पुण्याला आल्यावर मी साहेबांना लेखी टिपण दिलं. त्यांनी ते जपून ठेवलं, अजून ठेवलेलं आहे. मग मी स्वतःच मासिकाला पत्र लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं. दुरुस्ती फक्त लेखकांनाच सुचवता येते. माझं नाव लेखकांत नव्हतं, शेवटच्या आभारांत होतं. आभारांतल्या माणसाला चूक दिसू शकते, पण ती दुरुस्त करायची सोय नाही. म्हणून ती ओळ मी या प्रवासवर्णनात दुरुस्त करतो, इथे कुणाची परवानगी लागत नाही: हाताने ढवळा, हळू ढवळा.

चौथा दिवस ठोकळ्याने आळण्यात आणि आम्ही वाट पाहण्यात घालवला. संध्याकाळी तो घासून नीट केला, शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलला, दगड बांधून जवळच्या एका जुन्या विहिरीत तळाशी सोडला. सकाळी काढून पुसून पुन्हा तोलला. दुकानदाराने काट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तेवढाच हाय. रातभर पाण्यात ठेवून तेवढाच कसा?" वंदनाताईंनी त्याच्याकडून पावशेर खारे फुटाणे घेतले आणि मूठभर माझ्या हातावर ठेवले. दोन दिवसांनी त्या माझ्याशी एवढ्या गोड वागल्या.

नरखेड तालुका

नरखेडकडे जाताना काटोल मागे पडलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या आणि मोसंबीच्या बागा लागतात. पुण्यात मी संत्री जाळीच्या पिशवीत पाहतो, तेव्हा ती झाडाला लागत असावीत हे विसरायला होतं. पण एप्रिलमध्ये बागेला पाणी लागतं, आणि आम्ही ज्यांच्याकडे चाललो होतो त्यांची मोटर चार दिवस विहिरीच्या तळाशी होती. दुरुस्तीला वर ओढताना दोर तुटला होता. मोसंबीची पानं चिमटीत धरली की कागदासारखी वाजत होती.

आम्ही पोचलो तेव्हा शेषरावमामा आमच्या आधीच एसटीने आले होते, आणि कमरेला दोर बांधून विहिरीच्या काठावर उभे होते. बागमालकांनी फोन करून त्यांना बोलावलं होतं.

"थांब न गा मामा," वंदनाताई पळतच गेल्या. "मी कॅमेरा आणला ना."

"मांगच्या खेपेले बी आणला होता," मामा म्हणाले.

बागमालक घाईत होते. "कॅमेरा गिमेरा मंग करजा ताई. झाडं सुकून राहिले. यायले दहा मिनिटं लागतीन."

"एक घंटा द्या," वंदनाताई म्हणाल्या. "एका घंट्यात नाई निघाली तं मी सोताच उतरतो."

त्यांना पोहता येत नाही, हे गुणवंतने मला हळूच सांगितलं. बागमालकांना माहीत नव्हतं. त्यांनी हो म्हटलं. मामांनी दोर सोडला नाही, तसाच बांधून उंबराच्या सावलीत बसले.

विहीर दगडी, जुनी, रुंद. काठाच्या उंबराने एक बाजू झाकलेली. गुणवंतने कॅमेरा खाली सोडला. पाणी वरून हिरवं, जरा खाली गेलं की काळं. पडद्यावर दिव्याच्या उजेडात गाळाचे कण आणि एक गोगलगाय. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी पडदा बघतच नव्हतो, मी घड्याळ बघत होतो. आयुष्यभर मी वस्तू कधी मोडतात ते मोजलं होतं. मोडू नये म्हणून मोजण्याची ही पहिलीच वेळ होती.

वीस मिनिटं झाली. वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. कॅमेरा सरळ होता. पंचवीस. सरळ. अर्ध्या तासाने मी पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं, तर मोटर समोर होती, जुना पाइप आणि कपार यांच्यामध्ये आडवी अडकलेली.

गुणवंतने गळ सोडला. गळ मोटरच्या कडीला लागायचा आणि निसटायचा. तीनदा तसंच झालं. तासाला दहा मिनिटं उरली तेव्हा मामा उठून आले, पडद्यासमोर उकिडवे बसले, गळाचा दोर गुणवंतच्या हातातून घेतला. पडदा बघत त्यांनी मनगट जरासं वळवलं. गळ कडीच्या मागून गेला, आणि बसला.

"ओढा," ते म्हणाले.

चार माणसांनी ओढली. चिखलाने माखलेली मोटर काठावर आली. बागमालक लगेच मोटरच्या मिस्त्रीला फोन लावू लागले. घरून निरोप आला की भाकरी आणि भरीत तयार आहे, चला. गुणवंत वायर गुंडाळायला लागला.

"राहू दे," मामा म्हणाले. ते पडद्यासमोरून उठले नव्हते. "त्या बाजूनं ने बरं. उंबराखाली."

गुणवंतने कॅमेरा त्या कडेला सरकवला. दगडी भिंत आली, तिच्या सांध्यांतून बाहेर आलेली उंबराची मुळं आली. पांढरी, लांब, केसांसारखी मोकळी, पाण्यात सावकाश हलणारी.

मामा पडद्याच्या जवळ गेले.

"या इहिरीत मी सात-आठ खेपा उतरलो असन," ते म्हणाले. नेहमीसारखं मोठ्याने नाही, हळू. "खाली काही दिसत नाई. अंधारच असते. डोये मिटूनच काम करा लागते. दर खेपेले इथंसा पायाले काहीतरी गुंडाळे. मी म्हनो, साप हाय."

"मंग कधी सांगतलं काहून नाई?" वंदनाताईंनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"सांगतलं असतं तं मंग कोन उतरलं असतं?" मामा म्हणाले. "भेत होतो वं मी. लय भेत होतो."

वंदनाताई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मामांच्या कमरेचा दोर अजून तसाच होता. गाठ पाण्याने नाही तर घामाने आवळली होती. त्या ती नखांनी सोडवायला लागल्या.

घरून दुसऱ्यांदा बोलावणं आलं. गुणवंतने विचारलं, "मामा, कॅमेरा वर घेऊ का?"

"राहू दे उलसक," मामा म्हणाले. "पाहू दे मले."

खाली ठोकळा सरळ तरंगत होता, आणि उजेडात मुळं हलत होती.